बीए सोडून बीकॉम-बीबीएला जायचंय? आधी जुनं ॲडमिशन कॅन्सल करू नका

दरवर्षी जून-जुलै आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "ताई, मी बीएला आहे पण मला कॉमर्सला जायचंय, काय करू?" मी सगळ्यात आधी एकच विचारते, जुनं ॲडमिशन कॅन्सल केलंस का? "नाही अजून" असं उत्तर आलं की माझ्या जिवात जीव येतो, कारण मग बरंच काही हातात असतं.

मी स्वतः एफवायबीए चांगल्या मार्कांनी पास होऊन परत एफवायबीकॉमला पहिल्यापासून बसले होते. आज कोथरूडला एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्स बघते. माझं एक वर्ष गेलं, ते जाणारच होतं आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, पण जो दीड महिना ऑफिसच्या खिडक्यांपुढे गेला ना, तो कुणी नीट सांगितलं असतं तर नक्की वाचला असता. म्हणून जे जे माहिती आहे ते सगळं इथे लिहितेय. लांबलंय, पण घाईत वाचू नका.

आधी कागद घ्या आणि "का" ते लिहा

हे ऐकायला फालतू वाटतं पण सगळं इथेच ठरतं. कॉमर्सला जायचंय म्हणजे नक्की काय हवंय? सीए व्हायचंय, अकाउंट्स-टॅक्समध्ये नोकरी हवीय, घरचं दुकान बघायचंय, एचआर किंवा मार्केटिंगला जायचंय, बँकेची परीक्षा द्यायचीय, की "बीए करून काय होतं" असं चार नातेवाईक म्हणाले म्हणून? प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे आणि खूपदा त्या रस्त्यावर बीए सोडायची गरजच नसते.

सीए घ्या. पुष्कळ मुलांना वाटतं सीएसाठी बीकॉम लागतंच. नाही लागत. सीए फाउंडेशनला बारावी कुठल्याही शाखेतून पास असलं तरी बसता येतं, चार पेपर असतात, अकाउंटिंग, बिझनेस लॉ, क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड आणि बिझनेस इकॉनॉमिक्स, प्रत्येकात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होते. म्हणजे बीए चालू ठेवून फाउंडेशन देता येतं. आणि बीए पूर्ण करून थेट इंटरमिजिएटला जायचं असेल तरी दार उघडं आहे, फक्त कॉमर्स ग्रॅज्युएटला ५५ टक्के लागतात तिथे बाकीच्यांना ६० टक्के. माझा मामेभाऊ इकॉनॉमिक्स घेऊन बीए करत करतच फाउंडेशन पास झाला, त्याने कॉलेज बदललंच नाही.

एचआर, मार्केटिंग, मॅनेजमेंट हवं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, बीए पूर्ण करा आणि एमबीएला जा. एमबीए सीईटीला, म्हणजे राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेला, कुठलीही पदवी चालते, ५० टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या आरक्षित प्रवर्गांना ४५. २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि त्यात अकाउंट्सचा एकही प्रश्न नसतो, लॉजिकल रीझनिंगच ७५ प्रश्नांचं असतं. सायकॉलॉजीवाल्यांना तर एचआरला त्यांच्या विषयाचा थेट उपयोग होतो. तीन वर्षांची पदवी अर्धी टाकून दुसरी तीन वर्षांची पदवी घ्यायची आणि मग परत दोन वर्षांचं एमबीए करायचं, यात काही अर्थ नाही.

पण अकाउंट्स, टॅक्स, ऑडिट, फायनान्स हेच काम आयुष्यभर करायचंय, आकडे बघून कंटाळा येत नाही उलट बरं वाटतं, असं असेल तर मग हो, बदला. आणि लवकर बदला.

तुम्ही कुठल्या सेमिस्टरला आहात?

एफवायच्या पहिल्याच सेमिस्टरला असाल तर आणि कॉमर्सचे प्रवेश अजून चालू असतील तर त्याच वर्षी बदल होऊ शकतो. इथे एकेका दिवसाला किंमत आहे, उद्या बघू म्हणू नका. तुमच्या कॉलेजात दोन्ही शाखा असतील, म्हणजे शिवाजीनगरच्या मॉडर्नसारखं कला, विज्ञान, वाणिज्य एकत्र असलेलं कॉलेज असेल, तर हे सगळ्यात सोपं, प्राचार्यांच्या नावाने शाखाबदलाचा अर्ज द्यायचा, जागा असेल आणि मेरिटमध्ये बसत असाल तर होतं. एका गोष्टीत मात्र फसू नका. फर्ग्युसन आणि बीएमसीसी दोन्ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीची, पाच-दहा मिनिटं चालत जायचं अंतर, तसंच नौरोसजी वाडिया आणि नेस वाडिया, म्हणून एकाच संस्थेत आहोत तर आपोआप बदलून देतील असं समजू नका. कॉलेज वेगळं म्हणजे प्रवेशप्रक्रिया वेगळी.

दुसऱ्या सेमिस्टरला असाल तर माझा सल्ला, वर्ष नीट पूर्ण करा, परीक्षा द्या, एकही विषय मागे ठेवू नका आणि जूनमध्ये नवीन प्रवेश घ्या. अर्ध्यात सोडलं तर हातात काहीच राहत नाही. पूर्ण केलं तर क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे गुणांक, जमा राहतात. नवीन शैक्षणिक धोरण पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलंय, त्यात पहिलं वर्ष ४० ते ४४ क्रेडिटचं असतं आणि एक वर्षानंतर बाहेर पडताना जास्तीचे ४ क्रेडिट केले तर सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. हे क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, शॉर्टमध्ये एबीसी. पुण्यात एबीसी म्हटलं की सगळ्यांना अप्पा बळवंत चौकच आठवतो, पण हा एबीसी आयडी डिजिलॉकरवरून काढायचा असतो आणि तो काढलेला आहे का, त्यात तुमचे क्रेडिट दिसतायत का, हे जुनं कॉलेज सोडायच्या आधी उघडून बघा. नाव आधारवर एक आणि मार्कशीटवर दुसरं असेल तर इथेच अडकतं.

आता खरं सांगते, क्रेडिट जमा आहेत म्हणजे थेट एसवायबीकॉमला बसवतील अशी आशा धरू नका. भाषा, पर्यावरण, भारतीय ज्ञानप्रणाली असे जे सगळ्यांना सामाईक असतात त्यांचे क्रेडिट धरले जाण्याची शक्यता असते, पण हिस्टरीच्या पेपरचे क्रेडिट फायनान्शियल अकाउंटिंगच्या जागी कुणी धरणार नाही, आणि धरूही नये, कारण एसवायला गेल्यावर तो पाया नसेल तर पहिल्याच महिन्यात रडायची वेळ येते. त्यामुळे वर्ष जाणार असं धरूनच हिशोब करा. काही क्रेडिट मिळाले तर बोनस.

एसवाय पूर्ण झालंय किंवा टीवायला आहात? मग सोडू नका. प्लीज सोडू नका. दोन वर्षं घातली आहेत, तिसरं घाला. तुमच्यासाठी दुसरा उपाय आहे, तो खाली सांगते.

बीएच्या आतच कॉमर्स घेता येतं

हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आताच्या रचनेत ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीने निवडायचा विषय, दुसऱ्या शाखेतूनच घ्यायचा असतो. तुमच्या कॉलेजात कॉमर्सचे कुठले पेपर ओपन इलेक्टिव्ह म्हणून देतात ती यादी मागा, फॉर्म भरताना मैत्रीण जे घेतेय ते डोळे मिटून घेऊ नका. मायनर म्हणजे दुय्यम विषयसुद्धा असतो, तुमच्या कॉलेजने सोय केली असेल तर वेगळ्या शाखेचा घेता येतो. इकॉनॉमिक्स मेजर, म्हणजे मुख्य विषय, असेल तर तुम्ही तसे अर्ध्या रस्त्यात आहातच.

आणि एसवाय-टीवायवाल्यांसाठीचा उपाय हा, की २०२२ पासून यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिलीय. एक रेग्युलर, दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन. म्हणजे बीए कॉलेजात चालू ठेवून बीकॉम बाहेरून सुरू करता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे ज्याचे प्रवेश जानेवारी आणि जुलै दोन्ही सत्रांत होतात, आणि आपल्या पुणे विद्यापीठाचं स्कूल ऑफ ओपन लर्निंग आहे. दूरस्थ प्रवेशासाठी आता यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो, तो एबीसी आयडीवरून निघतो, म्हणून परत तेच, एबीसी आयडी आधी काढून ठेवा. परीक्षांच्या तारखा एकमेकांवर येणार नाहीत ना एवढं तपासा. कष्ट दुप्पट आहेत पण वर्ष जात नाही.

बीकॉम की बीबीए, आणि सीईटीची भानगड

बीकॉमला बारावी आर्ट्स चालतं, इंग्रजी पास असावं लागतं, आणि प्रवेश कॉलेजच्या मेरिट लिस्टवर. बीबीएचं गणित २०२४ पासून बदललं. बीबीए, बीएमएस, बीसीए हे एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत गेले आणि राज्य सीईटी सेलने त्यांना सीईटी लावली. १०० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यात इंग्रजीच ४० प्रश्न आणि रीझनिंग ३०, बाकी जनरल नॉलेज आणि कॉम्प्युटरचे १५-१५. आर्ट्सवाल्यांना ही परीक्षा अजिबात अवघड नाही, खरं तर इंग्रजीमुळे फायदाच आहे. अवघड आहे ती तारीख. नोंदणी कॉलेजचं वर्ष चालू असतानाच होते, आणि बीए करणाऱ्याच्या ते डोक्यातही नसतं. पहिल्या वर्षी तर इतक्या जणांची चुकली की परत एकदा सीईटी घ्यावी लागली. पण दरवेळी तसं होईलच यावर बसू नका. मनात थोडा जरी विचार असेल तर जानेवारीपासून सीईटी सेलची वेबसाइट आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा आणि फॉर्म भरून ठेवा, नाही दिली परीक्षा तर फीच जाईल, वर्ष तर नाही जाणार.

सिम्बायोसिससारख्या अभिमत विद्यापीठांची बीबीएची परीक्षा वेगळी असते, तिथे राज्याची सीईटी चालत नाही. हे दोन्ही गोंधळू नका.

मला विचाराल तर अकाउंट्स-टॅक्सला जायचं असेल तर बीकॉम. बीबीएला प्रेझेंटेशन, प्रोजेक्ट, मार्केटिंग, एचआर हे जास्त असतं, अकाउंट्स बीकॉमइतकं खोल जात नाही. आणि फीचा फरक मोठा आहे. बीकॉमची अनुदानित तुकडी मिळाली तर फी अगदी कमी असते, बीबीए बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, म्हणजे पूर्ण फी आपल्याच खिशातून. कॉलेजच्या काउंटरवर "ही तुकडी अनुदानित आहे का" हा प्रश्न विचारायला लाजू नका, एकाच कॉलेजात एकाच बीकॉमच्या दोन तुकड्या असतात आणि फी वेगवेगळी असते.

कागदपत्रं, म्हणजे जिथे मी अडकले

क्रम असा ठेवा. आधी नवीन ठिकाणी नाव लागू दे, मेरिट लिस्टमध्ये दिसू दे, मग जुन्या कॉलेजकडे टीसीचा अर्ज. मी उलटं केलं. आधी जोशात जुनं कॅन्सल केलं आणि मग नवीन कॉलेजात पहिल्या लिस्टला नाव नाही. तीन आठवडे मी कुठल्याच कॉलेजात नव्हते, बाबांनी एक शब्द बोलून दाखवला नाही पण रात्री उशिरापर्यंत गॅलरीत बसायचे. तिसऱ्या लिस्टला नाव लागलं तेव्हा जुन्या कॉलेजच्या ऑफिसात टीसी तयारच नव्हतं, लायब्ररीचं नो ड्यूज राहिलंय म्हणे, आणि ज्या सहीची गरज ते साहेब रजेवर.

त्यामुळे आता मी सगळ्यांना सांगते, नो ड्यूज एप्रिल-मेमध्येच उरकून टाका. लायब्ररी, जिमखाना, हॉस्टेल, जे जे असेल ते. मग लागतात दहावी-बारावीच्या मार्कशीट, एफवायच्या दोन्ही सेमिस्टरच्या मार्कशीट, टीसी, आधार, फोटो, विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आरक्षणातून प्रवेश घेणार असाल तर जात प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन क्रीमीलेअर, आणि नॉन क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते हे लक्षात ठेवा, जुनं प्रमाणपत्र घेऊन जूनमध्ये उभं राहिलात तर परत पाठवतात. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये पीडीएफ. विद्यापीठ तेच असेल तर तुमचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक, आधीच आहे, तो फॉर्मवर लिहायला विसरू नका, नाहीतर एलिजिबिलिटीला घोळ होतो.

ओरिजिनल मार्कशीट कॉलेजने ठेवून घ्यायच्या नसतात. यूजीसीच्या २०१८ च्या सूचनेत ते स्पष्ट आहे. बघून, पडताळून परत द्यायच्या.

फी परत मिळते का? हो, त्याच सूचनेत टप्पे दिलेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर १०० टक्के, थोडी प्रोसेसिंग फी कापून. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८०, १६ ते ३० दिवसांत ५०, आणि मग काही नाही. अर्ज लेखी द्या, त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी सांगून आलात तर तारीख कुठून मोजणार?

स्कॉलरशिपवाल्यांनी जरा थांबा. केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या नियमांत बीए झाल्यावर बीकॉम म्हणजे त्याच पातळीवरचं दुसरं शिक्षण धरतात, त्याला शिष्यवृत्ती मिळत नाही. मध्येच बदलताय तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा चालू अर्ज आणि पुढचं रिन्यूअल यांचं काय होणार हे समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊन विचारा, नुसतं कॉलेजच्या क्लार्कवर सोडू नका. बाहेरगावच्या मुलींनी हॉस्टेलचंही बघा, कॉलेजचं हॉस्टेल असेल तर टीसी घेतली की खोली जाते, आणि जुलैत पुण्यात कॉट बेसिस शोधणं काय असतं ते ज्यांनी शोधलंय त्यांनाच माहीत.

घरी सांगताना

"मला आर्ट्स आवडत नाही" असं म्हणू नका, त्यावर उत्तर येतं की मग घेतलंस कशाला. त्यापेक्षा एक पान घेऊन बसा, किती वर्षं, किती फी, त्यानंतर काय करणार, आणि नाही जमलं तर काय. माझ्या बाबांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "परत दोन वर्षांनी तिसरं काही सुचणार नाही ना?" याचं उत्तर तयार ठेवा. आणि ते उत्तर खरं असू दे.

अकाउंट्सची भिंत

बाकी सगळे विषय वाचून येतात. आर्ट्सवाल्याला आडवं येतं ते एकच, अकाउंट्स, कारण वर्गातल्या बाकीच्यांनी अकरावी-बारावी दोन वर्षं ते केलेलं असतं आणि सर पहिल्याच तासाला रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या नोंदी, येतेच असं धरून चालतात. म्हणून प्रवेश झाला की कॉलेज सुरू व्हायच्या आत अकरावीचं पुस्तपालन व लेखाकर्म हे पुस्तक काढा. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे, मराठीतून आहे, आणि छापील हवं तर अप्पा बळवंत चौकात जुनं मिळून जातं. क्लास नंतर लावा, आधी हे. रोज दोन तास, सहा आठवडे.

नियम तीनच आहेत, त्यात नावे म्हणजे डेबिट आणि जमा म्हणजे क्रेडिट. व्यक्तीचं खातं असेल तर घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. वस्तू किंवा मालमत्ता असेल तर येते ती नावे, जाते ती जमा. खर्च-तोटे नावे, उत्पन्न-नफा जमा. पाठ करून काही होत नाही, हात चालवावा लागतो. मी काय केलं, आमच्या मेसच्या मावशींचा धंदाच डोळ्यांपुढे ठेवला.

समजा मावशींनी स्वतःचे १०,००० रुपये घालून मेस चालू केली. रोकड आली, रोख खाते नावे १०,०००, भांडवल खाते जमा १०,०००. मग ४,००० ची शेगडी रोखीने घेतली, शेगडी आली ती नावे, रोख गेली ती जमा. वाण्याकडून ३,००० चा किराणा उधार आणला, खरेदी नावे ३,०००, वाणी देणारा म्हणून तो जमा ३,०००. इथे सगळे चुकतात बरं का, उधार आणलाय तरी हात आपोआप रोख खात्याकडे जातो. महिन्याचे ५,००० मुलांकडून आले, रोख नावे, विक्री जमा.

आता तेरीज करा, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज जुळते का बघा. रोख किती उरली, १०,००० मधून ४,००० गेले, ५,००० आले, ११,०००. नावे बाजू रोख ११,०००, शेगडी ४,०००, खरेदी ३,०००, झाले १८,०००. जमा बाजू भांडवल १०,०००, वाणी ३,०००, विक्री ५,०००, तेही १८,०००. दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी रूम पार्टनरला उठवून ते पान दाखवलं होतं, तिला काही कळलं नाही पण ती हसली.

हे जमलं की खतावणी, मग अंतिम खाती, घसारा, बँक मेळपत्रक, याच क्रमाने. उडी मारू नका. बिझनेस मॅथ्स-स्टॅटला टक्केवारी, व्याज, सरासरी एवढं दहावीचं पक्कं असेल तर निभावतं. एक्सेल आत्तापासून शिका, टॅली एसवायला गेल्यावर, आधी हाताने नोंदी येऊ देत, नाहीतर टॅलीत काय दाबतोय तेच कळत नाही.

आणि पहिल्या सेमिस्टरमध्येच एखाद्याची खरी वही लिहायला घ्या, ओळखीचं झेरॉक्सचं दुकान, काकांची एजन्सी, कुणाचंही. मी मावशींचीच घेतली. त्यांच्याकडे एक लांबट लाल वही होती, त्यात मुलांची नावं आणि पुढे फुल्या, पैसे दिले की फुली खोडायची. मी महिनाभर शेजारी बसून ती नोंदींमध्ये उतरवली, प्रत्येक मुलाचं खातं वेगळं काढलं, आणि शेवटी उधारीची बेरीज आली ४,२००. मावशी दोनदा म्हणाल्या, परत मोज. मी परत मोजली, तेवढीच आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्यांनी एकेकाला नाव घेऊन हाक मारली.